अनंताच्या जरा अलीकडे

लेन्सच्या कड्यावर एक आडवा आठ कोरलेला असतो.
त्याला अनंत म्हणतात.
तिथवर फिरवलं की झालं, असं मला वाटायचं.
कार्तिकातल्या पुनवेला चाळीस फोटो काढले,
चाळीसही अंजनेऱ्या ताकात बुडवल्यासारख्या.

खरं अनंत जरा अलीकडे असतं,
केसभर.
हे कळायला मार्गशीर्ष उजाडला.

चौतीस वर्षं मी नाशिकरोडच्या छापखान्यात
नोटा तपासल्या.
रेघ तुटली, शाई फुटली, आकडा कलला
की चळत पलटताना थबकायचं
आणि खूण करायची: बाद.
हजारांतली एक वाईट नोट
मला झोपेतही दिसायची.
आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू.
डॉक्टरांनी संक्रांतीनंतरची तारीख दिलीय.
तोवर मला चंद्र दीड दिसतो.

गंगापूर धरणाच्या काठी साडेअकराला पोचलो,
मी आणि सुनंदन आडके.
तो दिवसा द्राक्षबागांना औषधं विकतो
आणि पुनवेला माझा ट्रायपॉड उचलतो.
का, ते मी विचारलेलं नाही.
तिन्ही पाय मुरमात रुतवले,
मधल्या आकड्याला पिशवीत दगड घालून टांगले.

कॅमेरा आधी आपला आपण शोधायला गेला.
घर्र पुढे, घर्र मागे,
उशाशी चष्मा चाचपडणाऱ्या माणसासारखा,
आणि हरला.
मग ते बंद केलं. थरथर सावरायची सोय असते, तीही बंद;
स्थिर तिपाईवर ती स्वतःच हलत राहते,
दवाखान्यात जमलेल्या नातेवाइकांसारखी.

चंद्रावरच साधता आलं असतं,
पण मान वर करून
दीडातला एक कसा निवडायचा?

पल्याड कुणाच्या मळ्यात एक बल्ब होता.
पडद्यावर दहापट मोठा केला.
कापसाचं बोंड.
कडं फिरवलं. लिंबू. बोर.
मोहरी होणार
तेवढ्यात लाइट गेली.

"मी उभा राहतो," सुनंदन म्हणाला,
आणि मोबाइलची बॅटरी लावून
पावलं मोठ्याने मोजत काठाकाठाने निघाला.
एकशे वीसपर्यंत ऐकू आलं.
पुढचे आकडे थंडीने खाल्ले.

आता पुन्हा बोंड, लिंबू, बोर.
डाव्या डोळ्याने.
प्रकाश बारीक होतो, बारीक होतो,
मग सुजायला लागतो.
सुजला म्हणजे ती जागा मागे राहिली.
चुकल्याशिवाय ती सापडत नाही,
ओलांडायचीच, आणि हळू परत यायचं.
तिसऱ्या खेपेला अंगठ्याला कळलं,
डोळ्याच्या आधी,
चळतीत वाईट नोट आली की कळायचं तसं.

वायरमनची काळी चिकटपट्टी कड्याला लावली.
आता इथे कुणी हात लावायचा नाही,
मीसुद्धा.

"बॅटरी बंद कर!"
तो विझला.
पंचवीस सेकंद.
मी श्वास तोंडाने सोडला नाही,
भिंगावर दंव बसायला तेवढंही पुरतं.

मग पडद्यावर अंजनेरी, दहापट.
कड्यातली घळ न घळ,
माथ्याजवळ सुकलेल्या गवताची रेघ,
पाण्याच्या कडेला एकेक गोटा आपल्या सावलीसकट.
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकत गेलो,
ड्यूटीवर असल्यासारखा.
बाद करावं असं काही सापडेना.

अगदी उजवीकडे, काठाशी,
एक राखाडी डाग. माणसाएवढा.
आरपार पाणी दिसत होतं.
थंडीने या पायावरून त्या पायावर
नाचत राहिला असणार पंचवीस सेकंद.

खूण करायला बोट उठलं, सवयीने.

अंधारातून आवाज आला,
"काका, दिसतोय का मी?"

मी पुन्हा एकदा पाहिलं.
आधी उजवा डोळा झाकून,
मग डावा.

"दिसतोस," मी ओरडलो,
आणि पट्टी नीट बसलीय ना
ते न बघता चाचपलं.